बाळंतीण एक, पिल्लं पाच

पाटी चिकटवून उल्हासराव दोन पावलं मागे सरले आणि मान तिरकी करून त्यांनी ती वाचली. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तीस वर्षं त्यांनी सेफ्टीच्या पाट्या लावल्या होत्या. त्यातली एखादी कुणी वाचल्याचा पुरावा अजून सापडायचा होता. पण माणूस निवृत्त होतो, खोड होत नाही.

आवाज करू नये.
आईला व पिल्लांना उगाच हात लावू नये.
पाण्याचं भांडं सदैव भरलेलं असावं.
भेटायला येऊ नये.
आईला सगळं कळतं. सल्ला देऊ नये.

आणि खाली, कारखान्याच्या शिस्तीत: बाळंतीण – १. पिल्लं – ५.

नियम जनावरांच्या डॉक्टर रंजिताचे, अक्षर उल्हासरावांचं. बाळंतीण म्हणजे चंपा, गल्लीतली तपकिरी कुत्री. उल्हासरावांची सून स्वानंदी तिला आपल्या गरोदरपणातही रोज दहीभात घालायची. स्वानंदीने नऊ महिने घेतले, चंपाने दोन. पण एकाच पंधरवड्यात दोघी मोकळ्या झाल्या. चंपाने त्यासाठी स्वयंपाकघरामागची धुण्या-भांड्यांची युटिलिटी निवडली, वॉशिंग मशीनशेजारची जागा. उल्हासरावांनी तिथे जुनी गोधडी अंथरली, कोपऱ्यात आपली आरामखुर्ची टाकली आणि जातीनं पहाऱ्याला बसले. पिल्लं बघायला आलेल्या शेजाऱ्यांना ते बोटानं पाटी दाखवत. शेजारी कानडीत सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणत परत जात.

घरातल्या दुसऱ्या बाळंतिणीचं खातं उल्हासरावांच्या बायकोकडे, प्रमोदिनीबाईंकडे होतं. स्वानंदीची आई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे पुण्यात अडकली, म्हणून बाळंतपण सासरी. प्रमोदिनीबाईंनी निपाणीच्या झाडून सगळ्या रीती यशवंतपुरातल्या या घरात आणल्या. कानाला मफलर, पायात मोजे, दोन वेळा ओव्याची धुरी. शिवाय महिला मंडळातल्या बायका रोज बाळ बघायला येत आणि जाताना एकेक सल्ला ठेवून जात. बाळ झोपलं की बायका यायच्या. बायका गेल्या की बाळ उठायचं. बारा दिवसांत स्वानंदीला सलग तासभर झोप मिळाली नव्हती.

"आई, पाणी द्या ना."

"घोटभरच हं. बाळंतिणीनं पाणी ढोसलं की पोट सुटतंय."

"मला जरा झोपू द्या ना कुणीतरी."

"झोपशील गं. मंडळाच्या सगुणाबाई येऊन जाऊ देत."

उल्हासरावांना हे सगळं ऐकू जायचं. पण बायकांच्या कारभारात त्यांनी कधी नाक खुपसलं नव्हतं. ते उठायचे आणि चंपाचं पाण्याचं भांडं काठोकाठ भरायचे.

त्या दिवशी स्वानंदी युटिलिटीच्या दारात येऊन उभी राहिली. मफलरातून नुसते डोळे दिसत होते, तेही सुजलेले. तिने पाटी वाचली. मग परत पहिल्यापासून वाचली.

"बाबा, हे नियम कुणाला लागू?"

"या दाराच्या आत सगळ्यांना," उल्हासराव ऐटीत म्हणाले. "अपवाद नाही."

"नक्की?"

"अगं, लेखी आहे."

ती हसली. बारा दिवसांत पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी उल्हासराव पुढच्या खोलीत डुलकी काढत होते. प्रमोदिनीबाईंनी त्यांना गदागदा हलवलं. एका हातात धुरीचं भांडं, मागे सगुणाबाई आणि मंडळाच्या आणखी दोघी.

"अहो, सून कुठाय? बाळ पण नाही!"

उल्हासरावांची झोप उडाली. खोलीत पलंग रिकामा. पलंगावर मफलर, नीट घडी घातलेला. शेजारी मोजे, तेही घडी घातलेले. चपला मात्र दारात होत्या. आता त्यांना तिचे कालचे डोळे आठवले.

ते मागे धावले. युटिलिटीच्या दारात थबकले.

आरामखुर्चीत स्वानंदी झोपली होती, तोंड उघडं टाकून, गाढ. छातीशी दुपट्यात बाळ. ते तिच्याहून गाढ. पायाशी पाण्याचा तांब्या, रिकामा. गोधडीवर चंपा पाचही पिल्लांना पाजत पडली होती. तिने एक डोळा उघडून उल्हासरावांकडे पाहिलं आणि ओळखीचा माणूस म्हणून मिटला.

मागून प्रमोदिनीबाई पोचल्या. "अगं बाई! कुत्रीशेजारी? आणि कानाला काही..."

"हळू," उल्हासराव कुजबुजले. "पाटी वाच."

"कसली पाटी?"

"वाच म्हणतो ना."

सगुणाबाई पुढे घुसू पाहत होत्या. उल्हासराव दारात आडवे उभे राहिले. पस्तीस वर्षांच्या संसारात ते असे पहिल्यांदाच उभे राहिले होते.

प्रमोदिनीबाईंनी पाचही नियम वाचले. तिसऱ्यापाशी त्यांची नजर अडली. तिथून ती रिकाम्या तांब्यावर गेली. मग त्यांनी धुरीचं भांडं सगुणाबाईंच्या हातात दिलं, अनवाणी आत गेल्या, तांब्या उचलला आणि नळाचा आवाज होऊ नये म्हणून स्वयंपाकघरातल्या घागरीतून भरून आणला. काठोकाठ.

सगुणाबाई बाहेरून पुटपुटल्या, "पण मी काय म्हणते..."

"उद्या म्हणा," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "नाहीतर पुढच्या महिन्यात."

उल्हासरावांनी खिशातून मार्कर काढला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांची पाटी कुणी वाचली होती, आणि तीच चुकीची होती. त्यांनी आवाज न करता एकाचे दोन केले, आणि पाचाचे सहा.