टॉवेलात गुंडाळलेली बादली

लातुरात टँकरच्या रांगेत लहानाची मोठी झालेली संघमित्रा शिकायला मँचेस्टरला आली. पहिलाच आठवडा, सगळंच नवं, सगळंच झकास! फक्त अंघोळीचं पाणी जाळीतून वाहून जाताना तिला बघवेना. शेवटी तिनं बादली विकत आणली. कालच केपटाऊनहून आलेली रूममेट नोमसा हसेल, म्हणून बादली टॉवेलात गुंडाळून बाथरूममध्ये नेली.

शॉवरखाली आधीच एक बादली होती. अंघोळीच्या पाण्यानं काठोकाठ भरलेली.

मागं नोमसा ओशाळून उभी. "आमच्याकडं दुष्काळ होता गं. सवय सुटत नाही."

संघमित्रानं टॉवेल उलगडून आपली बादली तिच्या बादलीशेजारी ठेवली आणि नाचतच घरी फोन लावला.

"आई, रूममेट लई भारी भेटली!"

"कुठली हाय गं?"

"आपल्या गल्लीतलीच हाय की!"