एल्कची शीळ

क्लेटनच्या रिव्हॉल्वरचं काडतूस वर्नाच्या करंगळीहून जाड होतं. त्याचा बार झाला की जवळच्या पाइनच्या फांद्यांवरचं दव गळायचं. तरीही तिचा हा नवरा तीस वर्षं कानांत बोळे न घालता शिकार करत आला होता. कान बुजवले तर माजावर आलेल्या एल्क हरणाची शीळ कशी ऐकू येणार, असं त्याचं म्हणणं.

गेली चार वर्षं मात्र त्याची एकच कुरकुर होती. "वायोमिंगचे एल्क मुके झालेत. लांडग्यांना भितात, दुसरं काय!"

"आणि मीही मुकी झालेय. कानाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की तुला माझाही आवाज येत नाही," वर्ना म्हणायची.

आज पहाटे डोंगरउतारावर तिने त्याला खांद्याला धरून मागे वळवलं. तीस पावलांवर एक भलाथोरला नर मान ताणून, तोंड उघडून उभा होता. तोंडातून वाफेचे लोट निघत होते.

"हा जांभया काय देतोय गं?" क्लेटन कुजबुजला.

त्याने वळून पाहिलं. वर्नाने दोन्ही कान गच्च दाबून धरले होते.

त्याने रिव्हॉल्वर खाली केलं.


"वर्ना, त्या डॉक्टरची वेळ घे."