नाकाडोंगरीचा खप

भुपेंद्रने मोटारसायकल नाकाडोंगरीत आत्याच्या दुकानापुढे लावली. सगळ्यात जास्त चिवडा खपवणाऱ्या दुकानदाराचं अभिनंदन करायला तो, म्हणजे कारखानदार स्वतः, चिवड्याची पिशवी घेऊन वरठीहून आला होता. आत्या, म्हणजे चंद्रभागाबाई, त्याच्या मागचा रस्ता पाहत होती.

"तूच का? सोमाजी नाही आला?"

"बाबाचं आता काम नाही, आत्या."

कारखाना म्हणजे घरामागची भट्टी. तिथला माल आधी सोमाजी स्वतः लुनावर घेऊन गावोगाव फिरत. प्रत्येक दुकानाची बरणी डोळ्यांनी पाहायची, कमी असेल तेवढी भरायची. नाकाडोंगरीची बरणी कधीच कमी झालेली नसे. सोमाजी ती नीट पाहत, बहिणीचा चहा पीत, परतत. भुपेंद्रला ही पद्धत अडाणी वाटली. त्याने बापाला घरी बसवलं. माल संपला की दुकानदाराने फोन करायचा, पाकिटं काळी-पिवळी जीपने येतील.

तेव्हापासून नाकाडोंगरीचा फोन थांबत नव्हता. नव्या पद्धतीचा पुरावा म्हणून भुपेंद्र तो बापाला रोज ऐकवी.

"एवढा चिवडा खाते तरी कोण, आत्या?"

"पोट्टे खातेत. शेळ्या खातेत. परवा वरातीतल्या बँडवाल्यायले वाटला."

"फुकट? काहून?"

"बरणी रिकामी झाल्याबिगर तो येईल का? मी रिकामी करतो, फोन करतो, अन् येते कोण? जीपवाला!"

"मंग नुसतं 'ये' म्हणाचं ना."

"बिनाकामाचा? बहिणीकडे? लाजते रे तो."

 भुपेंद्रने घरी फोन लावला.

"बाबा, नाकाडोंगरीत नव्या पद्धतीचा घोळ होऊन राहिला. मले समजत नाही. तुमालेच येऊन पाहा लागते."

 पलीकडून लुना सुरू झाल्याचा आवाज आला.

तेवढ्यात एक ट्रकवाला दुकानात डोकावला. "बाई, चिवडा द्या दोन पाकिटं."

या दुकानात चिवडा विकत मागणारं गिऱ्हाईक कित्येक दिवसांनी आलं होतं. चंद्रभागाबाईने भुपेंद्रची पिशवी पायाने हळूच तांदळाच्या पोत्यामागे सरकवली.

"नाही," ती पदर सारखा करत म्हणाली, "संपला. आज बरणी भराले माया भाऊ येऊन राहिला."