पलीकडची म्हातारी

घरात पाऊल टाकलं तर डाव्या अंगाला आणखी एक म्हातारी आत शिरताना दिसली. तिचंही पातळ हिरवं, तिच्याही काखेत पिशवी. रुक्मिणी हसली. तीही हसली. रुक्मिणीने काय ते ओळखलं आणि तोंडातून ब्र काढला नाही.

बोरिवलीला, गोराईच्या रस्त्यावर, ही नवी रो हाऊस आगपेटीतल्या काड्यांसारखी चिकटून उभी होती. खाली एक खोली, तिच्या डोक्यावर एक, तिच्याही डोक्यावर एक. भाव असा, की नुसता ऐकून त्यांच्या कांदिवलीच्या चाळीत दोघेजण आडवे झाले होते आणि तिसऱ्याला अजून उचकी लागलेली होती. पण रुक्मिणीच्या मुलाने, जयवंतने, मनात घेतलं होतं. चाळीतली खोली द्यायची, गावची काजूची बाग विकायची आणि इथे यायचं. बाग रुक्मिणीच्या नावावर. नवऱ्याने एकेक रोप पाणी घालून जगवलेलं. घर ऐसपैस निघालं तर सही करते, असं ती बोलून बसली होती, आणि बोललेलं ती फिरवत नसे.

बिल्डरचा माणूस नंदकुमार गोड होता. पायाखालची जमीन तुमची, आजी, म्हणाला, डोक्यावरचं आभाळ तुमचं.

"आणि मधलं?" रुक्मिणीने विचारलं.

मधलं म्हणजे हॉल. तो मात्र खरंच लांबरुंद दिसत होता. जयवंत बघतच राहिला. गौरी-गणपतीला अख्खी चाळ मावेल इथे, म्हणाला. त्याची बायको सुलक्षणा खांदा चोळत होती. अरुंद जिन्यातून अंग चोरत उतरून आली होती ती.

जिना रुक्मिणीनेही बघितला. मग तिने नंदकुमारला आपल्या धोंडूमामाची गोष्ट सांगितली. मामाने असाच जिना बांधला. नवी नवरी वर गेली ती सडपातळ होती म्हणून गेली. पुढे दिवस राहिले, ती काही खाली उतरेना. शेवटी सुईणीला कौलं काढून आत सोडली. पोरगं चालायला लागलं तेव्हा तेच पहिलं खाली आलं.

नंदकुमारला हसावं की नाही कळेना.

"चल गं सूनबाय," रुक्मिणी म्हणाली, "गौरी इथेच बसवायच्या तर फुगडी घालून बघू."

नंदकुमार नको नको म्हणेपर्यंत दोघींनी पदर खोचले, हात धरले, पाय जुळवले आणि गरकन फिरल्या. दुसऱ्याच गिरकीला रुक्मिणीची पाठ हॉलच्या ऐन मधोमध कशावर तरी धाडकन आदळली. अख्खा हॉल थरथरला. पंखा थरथरला, खिडकी थरथरली, पलीकडचा नंदकुमारसुद्धा थरथरला.

रुक्मिणी वळली. पलीकडची म्हातारी नाकाला नाक लावून उभी होती.

"सरक गो बाय जराशी," रुक्मिणी तिला म्हणाली. "आम्ही पण भाव देऊनच येणार आहोत."

"आजी, आरसा आहे तो," नंदकुमार हळूच म्हणाला. भिंतभर लावलाय, जरा मोकळं वाटावं म्हणून.

"असं होय." रुक्मिणीने पाठ चोळली. "मग भाव दोघींचा लावलाय, की माझ्या एकटीचा?"

जयवंतने आरशावर हात ठेवला. समोरून त्याचाच हात येऊन टेकला. त्याने या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकदा नजर फिरवली; फार वेळ लागला नाही. आणि मग त्याला हसू फुटलं, लहानपणी फुटायचं तसं, पोट धरून.

"आई, चल," तो म्हणाला. "यंदा काजू काढायला आपणच जाऊ."

दारात पुढचं गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. नंदकुमार चेहरा नीट करून तिकडे धावला. सुलक्षणाचं कपाळ घामाने भिजलं होतं, टिकली सुटायला आली होती. घरी तोंड धुताना करते तसं तिने ती काढली, आरशाला चिकटवली आणि सासूच्या मागून बाहेर पडली.

"अगंबाई, केवढा हॉल," आत येणारी बाई नवऱ्याला म्हणत होती.

आणि त्या केवढ्या हॉलच्या ऐन मधोमध, हवेत, एक लाल टिकली लटकत होती.