भास्कररावांचे बूट

शेजारच्या फ्रँकने लाडवांचा डबा घेतला आणि कुंपणापलीकडे, नीलिमाच्या घराच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं.

"मी काही केलेलं नाही," तो म्हणाला. दर वेळी तो हेच म्हणायचा.

नीलिमा हसली. बाबाही असेच होते. लोकांची कामं करायचे आणि आभार मानले की तोंड फिरवायचे.

बाबा, म्हणजे भास्करराव, गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेले. मेलबर्नजवळच्या ट्रुगानिनाच्या चिवट मातीत सहा वर्षं खपून त्यांनी मागे हिरवळ वाढवली होती. हे थंडीचं गवत. मेलबर्नच्या उन्हाळ्यात ते जगवायचं म्हणजे तान्हं मूल सांभाळायचं. वर्षभराचं वेळापत्रक त्यांनी अवजारांच्या शेडच्या दारावर आतून खडूने मराठीत लिहून ठेवलं होतं. ते गेल्यावर नीलिमाला त्या गवताकडे बघवेना. सव्वासहा फुटी फ्रँक तेव्हा दारात येऊन म्हणाला होता, काही मदत लागली तर सांग, नो वरीज. तिने शेडची किल्ली कुंडीखाली ठेवली आणि त्याला तसं सांगून टाकलं.

मार्चअखेर ती लॅबमधून परतली तर उघड्या पडलेल्या जागा खरवडून तिथे वाळूत मिसळलेलं बी पेरलेलं होतं. बाबा अगदी तसंच करायचे. हिवाळ्यात गवतावर एक वाळकं पान टिकलं नाही. सप्टेंबरात खत पडलं, तण मुळासकट निघालं. डिसेंबरात, उन्हाळा लागताच, कापायच्या मशीनचं पातं सर्वांत वरच्या खाचेवर गेलं आणि आठवड्यातून दोनदा माती खोलवर भिजू लागली. दारावरचा मजकूर इंग्रजीत करून फ्रँकला द्यायचा, असं तिच्या मनात होतं. गरजच पडली नाही.

एकदा बाबांचे रबरी बूट धुऊन पायरीवर उलटे ठेवलेले दिसले. नीलिमा तिथेच बसून रडली. कुणीतरी त्यांच्या बुटांत पाय घालून त्यांचं काम पुढे नेत होतं. त्या आठवड्यात तिने लाडू दुप्पट केले.

आईचं मात्र काही हलत नव्हतं. रेखाताई वर्षभर खोलीतून बाहेर आल्या नव्हत्या. भिंतीकडे तोंड, पडदा ओढलेला, ताटातले चार घास. सकाळी नीलिमा निघताना तेवढ्या दोन गोष्टी विचारायच्या.

"आज पाऊस आहे का?"

"नाही गं."

"किती वाजता येशील?"

"सहाला."

निदान एवढं तरी विचारते, याचंच नीलिमाला बरं वाटायचं. थंडीत तिने गोधडीसाठी आईची जुनी निळी सुती साडी मागितली होती. फाटली, एवढंच आई म्हणाली आणि कुशीवर वळली.

सिडनीजवळच्या पॅरामॅटाहून भाऊ, यतिन, दर रविवारी फोन करायचा. आईला पुण्याला मावशीकडे पाठवू, तिथे माणसं आहेत, ती इथे जगत नाहीये, दिवस काढतेय. नीलिमाने वर्षभर त्याला थोपवलं होतं. आई एकदा, एकदाच स्वतःहून उठली असती, तर तिने शेवटपर्यंत थोपवलं असतं. पण वर्षश्राद्ध झालं आणि तिच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही. रविवारचं तिकीट निघालं. आईला सांगितलं तेव्हा तिने पडद्याकडे पाहिलं.

"बी पेरायचे दिवस आलेत ना," एवढंच म्हणाली.

"फ्रँक बघेल आई. तू नको काळजी करूस."

शनिवारी दुपारी नीलिमाने शेड उघडली. फ्रँकला लाडवांपलीकडे काहीतरी द्यायला हवं होतं. बाबांच्या बुटांवर त्याच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा नव्हता.

फ्रँकने बूट हातात घेतले. मग ते खाली, आपल्या पावलाशेजारी ठेवले. त्याचं पाऊल चांगलं चार बोटं लांब होतं.

"मी तुला सांगत आलोय," तो हळूच म्हणाला आणि त्याने बूट तिच्या हातात परत दिले.

नीलिमाने आत हात घातला. दोन्ही बुटांच्या टोकाशी, लहान पावलाला ते ढिले होऊ नयेत म्हणून, निळ्या सुती साडीच्या चिंध्या घट्ट कोंबलेल्या होत्या.