चालू परवाना असल्यासच अर्ज करावा

एकेचाळिसावं पत्रही तेच म्हणत होतं: आपला अनुभव रोचक आहे, परंतु आपल्याकडे चालू सुरक्षा परवाना नाही.

"निदान या वेळी 'रोचक' तरी म्हणालेत," रॉयस म्हणाला. तो सिंकखाली आडवा पडून नळ काढत होता. "मागच्याने तर 'मासळी' हा शब्द अवतरणचिन्हात टाकला होता."

डीना प्रुइट बावन्न वर्षांची होती. बाल्टिमोरच्या एका कंपनीसाठी ती सत्तावीस वर्षं गोठवलेली मासळी आयात करत होती. कुठलं बंदर कुठल्या महिन्यात काय पकडतं, हे तिला तोंडपाठ होतं. कंपनी महिनाअखेर बंद होणार होती. बरोबरचे लोक विमा विकायला निघाले होते. डीनाला गुप्तचर खात्यात जायचं होतं.

"मला तेवढंच जमतं," ती म्हणाली. "चार कागद बघायचे आणि पाचवा कुणीतरी लपवलाय हे ओळखायचं."

"अठ्ठावीस वर्षं संसार केलाय तुझ्याशी. मला सांगतेस?"

अडचण एकच होती. गुप्त कागद बघायचा हा सरकारी परवाना नसेल तर नोकरी नाही. आणि परवान्यासाठी अर्ज फक्त नोकरीत असलेल्या माणसाचाच घेतात. स्वतःहून कुणाला करता येत नाही. मग माणसाने आत शिरायचं तरी कसं, असं तिने एकदा फोन करून विचारलं होतं. पलीकडच्या गृहस्थाने बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, "मला वाटतं, तरुणपणीच."

बेचाळिसाव्या ठिकाणी तिला निदान खुर्ची मिळाली. सरकारला गुप्तचर विश्लेषक पुरवणारी ती बाल्टिमोरजवळच्या ओडेंटनची एक कंपनी होती. समोर टॉलिव्हर नावाचे थकलेले गृहस्थ बसले होते.

"परवान्याचं माझ्या हातात काही नाही," ते म्हणाले. "पण एक नमुना द्या. पाच पानी अहवाल. माहिती फक्त उघड्यावरची. वर्तमानपत्रं, बाजारभाव, असलंच. आणि ज्याला त्यातलं काही कळत नाही, त्यालाही तो कळला पाहिजे."

डीनाने उत्तरेकडचा एक समुद्र निवडला. तिथे एका देशाच्या चाळीस मासेमारी बोटी अकरा आठवडे बाहेर होत्या. त्यांच्यापुरतं डिझेल विकलं गेलं होतं. बर्फ मात्र कुणी घेतला नव्हता, खोकी कुणी घेतली नव्हती आणि बाजारात एक कॉड मासाही उतरला नव्हता. चाळीस बोटी अकरा आठवडे मासे न पकडता समुद्रात काय करतात, एवढाच प्रश्न तिने विचारला, आणि वर्तमानपत्रांतल्या फोटोंत त्या बोटींवर दिसणाऱ्या उंच अँटेनांवरून त्याचं उत्तर दिलं: चोरून ऐकतात.

अहवाल पाठवल्यावर तीन आठवडे काहीच झालं नाही. मग फोन आला. "या," एवढंच.

या वेळच्या खोलीला खिडकी नव्हती. टॉलिव्हरांशेजारी करडा कोट घातलेली एक बाई बसली होती. तिने नाव सांगितलं नाही.

"ही माहिती तुम्हाला कुणी दिली?" बाईने विचारलं.

"बर्फवाल्याने."

"कुठल्या?"

"तिथल्या बंदरावरच्या. तो रोजचा खप जाहीर करतो. कुणालाही दिसतो."

बाईने ते लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

"तुमच्याखेरीज हा अहवाल कुणी वाचलाय?"

'कुणीच नाही' म्हटलं की संपलं असतं. पण खोटं बोलताना तिची मान लाल व्हायची, आणि या लोकांकडे तर म्हणे त्यासाठी यंत्रही असतं.

"माझ्या नवऱ्याने," ती म्हणाली. "तो नळ दुरुस्त करतो."

"आणखी?"

"चर्चच्या गायनवृंदाने."

"त्यातल्या कुणी?"

"सगळ्यांनी. मला सोडून एकवीस. बुधवारी तालीम असते, तेव्हा वाटला."

टॉलिव्हरांनी चष्मा काढला. "का?"

"तुम्हीच म्हणालात ना, ज्याला काही कळत नाही त्याला कळला पाहिजे. मग मी आणखी कुठे जाणार होते? वरच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांच्या डोक्यावरून तिसरं पान गेलं, ते पुन्हा लिहिलं. खर्जात डार्नेल आहे, तो पूर्वी गोदीत क्रेन चालवायचा. अँटेनांच्या उंचीचं त्याने सुधारलं."

"चौथ्या पानावरचं?" बाई चटकन म्हणाली.

"हो."

मग टॉलिव्हर अहवाल उचलून बाहेर गेले. वीस मिनिटं डीना भिंतीकडे बघत होती. रॉयसला काय सांगायचं ते तिने जुळवून ठेवलं. विमा काही वाईट नसतो, असंही स्वतःला सांगून झालं.

ते परतले तेव्हा प्रत्येक पानावर लाल शिक्का होता. डीनाने सवयीने हात पुढे केला.

"दुसऱ्या पानावर टनांचा आकडा चुकलाय, जरा देता का?"

त्यांनी कागद छातीशी धरले. "माफ करा, मिसेस प्रुइट. हे आता सरकारी गुपित आहे. तुमच्याकडे परवाना नाही."

"मी लिहिलंय ते!"

"तीच तर अडचण."

बाईने पेनाला टोपण लावलं. "थोडक्यात, एक गुपित परवाना नसलेल्या तेवीस माणसांना माहीत आहे. त्यातले बावीस दर रविवारी लोकांसमोर तोंड उघडतात."

"मग आता?" डीनाने विचारलं.

"नियमात एकच उपाय आहे," टॉलिव्हर म्हणाले. "तेवीसही जणांना परवाना द्यायचा. आणि परवान्यासाठी अर्ज फक्त नोकरीत असलेल्या माणसाचाच घेता येतो."

त्यांनी नेमणूकपत्रांचा गठ्ठा टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "वरचं तुमचं, खालचं नवऱ्याचं. बाकीची बुधवारी तालमीला वाटा."