शीग

तिसऱ्या दालनाच्या कोपऱ्यातल्या चित्रापुढे नूरमहंमद मापारी उभे राहिले ते हलेचनात. त्यांची मुलगी अजीजुन्निसा दोन पावलं मागे थांबली.

कामशेतच्या तांदूळबाजारात माप भरण्यात त्यांचा जन्म गेला होता. डिसेंबरात दोन दिवस मुंबईला मावशीकडे राहू, चित्रांची प्रदर्शनं पाहू, असं तिनं म्हटलं तेव्हा ते हसले होते. चित्रं मास्तरणीनं बघावीत, मापाऱ्याचं तिथं काय काम? पण आले.

त्यांना न विचारता तिनं एक गोष्ट केली होती. ती ह्या दोन दिवसांत सांगून टाकायची, असं ठरवून ती निघाली होती. ते रागावतील अशी भीती नव्हती. ते गप्प बसतील, ही होती.

चित्रात एक मापारी तांदळाची पायली भरत होता.

"रंग झ्याक हायेत," नूरमहंमद म्हणाले, "पर ह्यानं मापावर शीग न्हाई ठेवली. काठोकाठ भरून हात फिरवलाय. असल्या मापाऱ्याला आमच्या बाजारात कुणी उभं न्हाई करायचं."

काठाच्या वर निमुळता उभा राहणारा तांदळाचा ढीग, ती शीग. नूरमहंमदांची शीग मावळात नावाजलेली. पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'बरकत' म्हणत. मग दोन, तीन.

"चित्रकाराच्या लक्षात आलं नसेल," ती म्हणाली.

"भेटला तर सांग त्याला."

परतताना लोणावळ्याला गाडी बराच वेळ थांबली. चहा बशीत ओतता ओतता त्यांनी विचारलं, मुंबईच्या शाळेत अर्ज केलास का? ती नाही म्हणाली. मग त्यांची नजर तिच्या नखावर गेली.

"ह्ये निळं काय?"

"शाई."

"व्हय. मास्तरणीला शाई लागायचीच." त्यांनी बशी तोंडाला लावली. "कायतरी बोलायचंय तुला. दोन दिस बगतोय."

घरी गेल्यावर सांगते, असं ती म्हणाली. पण कामशेत स्टेशनवर हौशीराम हमाल भेटला आणि घरापर्यंत सोबत आला. एवढ्या चित्रांतून नूरमहंमदांनी त्याला त्या एकाच चित्राचं सांगितलं, सगळ्या वाटेनं. पोरीनं दाखवलं, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजारात सहावं माप भरून ते खाली बसले, ते उठले नाहीत. पायलीवर शीग तशीच उभी होती.

चाळिसावा झाल्यावर मुंबईहून एक खोकं आलं. तिचा भाऊ नसीर यानं फळ्या उचकटल्या आणि तो बघतच राहिला. अब्बांनी खोट काढली तेच चित्र कशाला मागवलंस, असं त्यानं विचारलं. त्यांनी शेवटचं पाहिलेलं म्हणून का? तिनं नुसती मान हलवली. तो नमाजाला निघून गेला.

तिनं चित्र भिंतीला टेकवलं, दार लोटलं आणि समोर बसली. पायलीचा सपाट काठ किती तरी वेळ ती पाहत होती.

"अब्बा," ती मोठ्यानं म्हणाली, "शीग रंगवायची मीच विसरले."